मंदी सरल्यावरची झोळी

बाजार मंदावला म्हणजे व्यापारी माल कमी भरतो, खर्च आखडतो आणि बरे दिवस येईपर्यंत थांबतो. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला ही सोय नाही. वाईट दिवसांत तिची देणगी आटते, आणि दाराशी येणारी माणसे मात्र वाढतात.

मी एका लहानशा विद्यार्थी वसतिगृहाच्या कार्यकारी मंडळावर आहे. २०२० साली टाळेबंदी आली आणि आमच्या देणगीदारांचे धंदे बसले. पुढे शाळा उघडल्या, मुले परतली. पण पूर्वी निम्मी फी भरणारे कित्येक पालक आता काहीच भरू शकत नव्हते. स्वयंपाकीणबाईंचा चार महिन्यांचा पगार थकला होता. सभेत कोणी म्हणाले, "कायम निधी मोडा." पण कायम निधी म्हणजे बियाण्याचे पोते. ते दळून खाल्ले, तर पुढे पेरायचे काय?

मंदी सरली की पैसा आपसूक परत येईल, अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. सरासरी तीन वर्षांची! म्हणजे तोट्याचे एक वर्ष पुढची तीन वर्षे हिशेबात रेंगाळते. बाजार आधी सावरतो. झोळी मागाहून भरते.

मग ह्या मधल्या काळात संस्थेने तगावे कसे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढीत, आणि त्या मुष्टिफंडावर गरिबांची मुले जेवत. ह्यात मोठे शहाणपण आहे. एकच मोठा दाता थांबला तर चूल विझते. हजारांतल्या दहा मुठी थांबल्या तरी ती पेटती राहते.

आम्ही तेच केले. आधी सभासदांनी वर्गणी काढून बाईंचा पगार चुकता केला. मग एका मुलाला महिन्याला किती खर्च येतो, तो आकडा फळ्यावर लिहिला आणि माजी विद्यार्थ्यांना कळविला. त्यांच्याकडून दरमहा शंभर-शंभर रुपये येऊ लागले. आयकराच्या नियमांत धर्मादाय संस्थेला उत्पन्नाचा १५ टक्के भाग राखून ठेवण्याची मुभा आहे. त्यातून आता थोडी गंगाजळी साठवितो. तरीही एक वर्ष आठ मुलांना जागा नाकारावी लागली. त्यांतला एक पुन्हा शाळेत दिसला नाही. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात लिहिला जात नाही.

म्हणून आपणांस एवढेच सांगणे. आपल्या गावातल्या संस्थेला पन्नासच रुपये द्या. पण दर महिन्याला द्या, आणि तिचा हिशेब जरूर मागा.