प्रवरेकाठी आपले स्वागत



परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे नेवाशात मनःपूर्वक स्वागत करतो.

बाहेरगावचा माणूस इथे येतो तो पैस खांबापुढे माथा टेकायला. ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो याच गावी. पण प्रवरेच्या दगडगोट्यांत आणखी जुना वारसा होता. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केले आणि अश्मयुगाच्या अभ्यासात नेवाशाचे नाव कायमचे नोंदले गेले. पुढे जवळच्याच चिरकीला डॉ. गुद्रुन कॉर्विनस यांनी १९६६ ते १९६९ मध्ये उत्खनन केले.

मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही. मला नवल वाटते ते अश्मयुगातल्या शिकाऱ्यांच्या दगडाच्या पारखीचे. आधीच्या काळातल्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या आपल्या काळ्या पाषाणाच्या, कारण अवजड हत्याराला मोठा दगड हवा. नंतरच्या माणसांनी तासण्या आणि टोच्यांसाठी चर्ट, जास्पर निवडले. हे दगड लहान आकारात मिळतात, पण फुटतात काचेसारखे आणि धार देतात पातळ.

दगड निवडला की कामाची जागा ठरे. कर्नाटकातल्या हुणसगी खोऱ्यात प्रा. के. पद्दय्या यांनी उजेडात आणलेले इसामपूर हा तर कारखानाच! चुनखडीच्या लाद्या जिथे आयत्या उघड्या पडल्या होत्या, तिथेच बसून हत्यारे घडवली गेली. घडलेली हत्यारे, अर्धवट सोडलेले नग, गाभे, ठोकायचे गोटे आणि छिलक्यांचा खच, सारे एकत्र सापडले. म्हणून घडणीचा क्रम पहिल्या घावापासून सांगता येतो.

यातूनच गावकऱ्यांना माझी विनंती आहे. घरी नेऊन कपाटात ठेवलेली हातकुऱ्हाड देखणी दिसेल, पण ती कुठून आणली, तिच्याभोवती काय पडले होते, हे कोण सांगणार? शेतात, नाल्यात असा दगड दिसला तर जागचा हलवू नका. जाणकाराला बोलावून जागा दाखवा. साधी कपचीही टाकाऊ समजू नका.

आणि पाहुण्यांकडे यजमानाचे एकच मागणे: असा दगड ओळखावा कसा, त्याची जागा नोंदवावी कशी, हे परतण्यापूर्वी आमच्या शाळेतल्या मुलांना शिकवून जा. पाहुणचारात काही उणे राहिले तर सांभाळून घ्या.