फामागुस्ता घडविताना

(विजय दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनासाठी प्रतिकृती तयार करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वर्गात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आपल्या प्रदर्शनाच्या मध्यभागी रणगाड्याची एक भव्य प्रतिकृती असावी, असे संयोजकांनी ठरविले आहे. ती कशी घडवावी आणि कशी रंगवावी, यावर मी चार शब्द बोलावेत अशी त्यांची आज्ञा आहे. विषय कारागिरीचा आहे. तथापि करवत हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : कोणता रणगाडा? प्रतिकृती अमुक एका रणगाड्याची आणि अमुक एका दिवसाची असावी लागते. हे निश्चित झाले नाही, तर पुढील सर्व श्रमांतून एक मोठे खेळणे तेवढे तयार होईल.

माझी सूचना अशी, की आपण ‘फामागुस्ता’ घडवावा.

१६ डिसेंबर १९७१. ढाक्यात शरणागतीच्या दस्तऐवजावर स्वाक्षऱ्या झाल्या, तो हा दिवस. त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर, शकरगढ क्षेत्रात, बसंतर नदीच्या पलीकडे जरपाल गावाजवळ रणगाड्यांचे घनघोर युद्ध चालू होते. सुरुंगांनी पेरलेल्या पट्ट्यातून वाट काढून १७ पूना हॉर्स ही रेजिमेंट रातोरात पलीकडे पोहोचली होती. तिच्यातील सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला होता. सैन्यात अधिकारी होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. रणगाड्यावर गोळा आदळून आग लागली, तेव्हा बाहेर पडण्याचा आदेश त्यांना बिनतारी यंत्रावरून मिळाला. आपली तोफ अद्याप चालते आहे आणि आपण रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी कळविले. सेंच्युरियनचे इंजिन पेट्रोलवर चालणारे होते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्या उत्तराचा अर्थ उमगतो. पुढच्या आघातात ते धारातीर्थी पडले. वय वर्षे एकवीस. मरणोत्तर परमवीरचक्राने राष्ट्राने त्यांना वंदन केले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे संचलन मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या प्रसंगाचा सारा अर्थ ‘तोफ चालते आहे’ या आशयात सामावलेला आहे. म्हणून आपल्या प्रतिकृतीचा प्राण तिची तोफ आहे. पुढची प्रत्येक गोष्ट ठरविताना हे सूत्र हाताशी ठेवावे.

माप आणि प्रमाण

दिवाळीत अंगणात किल्ला करताना आपण सर्वांनी पहिली प्रतिकृती घडविलेली असते. त्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, महाराजांचे सिंहासन दरवाजापेक्षा रुंद असते आणि आळिवाचे रान तटाच्या वर डोके काढते. बालमनाच्या त्या किल्ल्यात ते शोभून दिसते. प्रदर्शनात मात्र प्रमाण चुकले, की पाहणाऱ्याचा विश्वास उडतो.

आपण एकास दहा हे प्रमाण घेऊ. सेंच्युरियनची लांबी तोफेसह सुमारे ९.८ मीटर, रुंदी सुमारे ३.४ मीटर आणि उंची सुमारे ३ मीटर. म्हणजे आपली प्रतिकृती ९८ सेंटिमीटर लांब, ३४ रुंद आणि ३० उंच होईल. शेजारी उभा केलेला सैनिक १७ सेंटिमीटरचा हवा. वजनाचे गणित निराळे. मूळ रणगाडा सुमारे ५१ टनांचा. लांबी, रुंदी व उंची तिन्ही दहापट घटल्यावर वजन हजारपट घटते. म्हणजे तीच वस्तू पोलादात केली तर ५१ किलो भरेल. आपण लाकूड आणि प्लास्टिक वापरणार, म्हणून ती त्याहून कितीतरी हलकी होईल. ते हलकेपण लपवून पोलादाचा भार कसा दाखवायचा, हे पुढे सांगतो.

मापे कोठून घ्यावीत? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे सेंच्युरियन प्रत्यक्ष पाहता येतो. खुद्द ‘फामागुस्ता’ही दुरुस्त करून त्याच शहरात, चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. मात्र एक पथ्य पाळावे. जतन केलेला रणगाडा धुतलेला आणि नव्याने रंगविलेला असतो. आकार त्याच्यावरून घ्यावा. रंगाची छटा आणि अंगावरचा चिखल युद्धकाळातील छायाचित्रांवरून ठरवावा. दुसरी सावधगिरी तोफेची. सेंच्युरियनचे विदेशी आराखडे सहज मिळतात, पण त्यांतील बरेच १०५ मिलिमीटर तोफेच्या उत्तरकालीन रणगाड्यांचे असतात. पूना हॉर्सच्या रणगाड्यांवर वीस पौंडी, म्हणजे ८४ मिलिमीटर व्यासाची तोफ होती. आपल्या नळीचे तोंड आतून ८.४ मिलिमीटर हवे. इतक्या बारकाव्याकडे कोण पाहणार, असे कोणी म्हणेल. प्रदर्शनाला एखादा निवृत्त रिसालदार येईल, तो पाहील. आणि त्याला ते खोटे वाटले, तर आपले सारे प्रदर्शन खोटे ठरले.

बांधणी

धडाचा सांगाडा सहा मिलिमीटरच्या प्लायवूडचा करावा. आत आडवे-उभे पडदे घालावेत, म्हणजे तो पिळवटणार नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, यासाठी आतल्या बाजूलाही सीलरचे दोन हात द्यावेत. बाहेरून पातळ सनबोर्डचे आवरण चढवावे. मूळ धड पोलादी पत्रे सांधून केलेले आहे, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत आणि सांध्यांवर वेल्डिंगची बारीक, ओबडधोबड रेघ हवी. एपॉक्सी पुट्टीची वळी सांध्यावर बसवून ओल्या टोकदार काडीने दाबत गेले, की ती रेघ हुबेहूब उमटते.

फिरता बुरूज निराळा. तो ओतकामाचा आहे, फक्त वरचे छत सांधलेले. ओतीव पोलादाला खरखरीतपणा असतो. पातळ केलेली पुट्टी राठ केसांच्या ब्रशाने थापटत लावावी आणि वाळल्यावर पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. बुरूज सुटा होईल असा ठेवावा. वाहतुकीत आणि सभागृहाच्या दारातून नेताना त्याचे महत्त्व कळते.

प्रत्येक बाजूस सहा चाके, आणि प्रत्येक चाक दुहेरी. एकूण चोवीस चकत्या. साखळपट्ट्याच्या कड्या तर प्रत्येक बाजूस शंभराहून अधिक. या सर्व एकेक करून कापण्याचा अट्टहास नको. एक चाक आणि एक कडी लेथवर व कानशीने निर्दोष घडवावी, तिचा सिलिकॉन रबराचा साचा काढावा आणि रेझीन ओतून बाकीच्या तयार कराव्यात. हे काम मुलांकडे सोपवावे, परंतु रेझीन ओतताना खिडक्या उघड्या आणि हातांत मोजे असलेच पाहिजेत. शंभर कड्या ओतणाऱ्या मुलाला संयम म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही.

आता तोफ. पुष्कळजण पीव्हीसीची नळी वापरतात. ती स्वस्त आहे, पण काही महिन्यांत स्वतःच्या भाराने खाली झुकते. वाकलेली तोफ घेऊन आपण ‘फामागुस्ता’ची कथा कशी सांगणार? आत ॲल्युमिनियमची सरळ नळी घालावी, तिचे मूळ बुरुजाच्या आतल्या लाकडात खोलवर रुतवावे आणि तिच्यावर बाहेरचा आकार चढवावा. नळीच्या मध्यावर धूर ओढून घेणारा फुगवटा दिसतो. तो वीस पौंडी तोफेच्या आधीच्या नळ्यांवर नसे, नंतरच्या नळ्यांवर असे. छायाचित्र समोर ठेवूनच तो करावा.

रंग

रंगकामाचा पहिला नियम असा, की रंग मूळ रणगाड्याचा घेऊ नये. हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. दहा मीटरच्या वस्तूवर जो गडद हिरवा उठून दिसतो, तोच एक मीटरच्या वस्तूवर काळपट वाटतो. दूरचा डोंगर फिका दिसतो, तसेच हे. म्हणून मूळ हिरव्यात थोडा पांढरा आणि किंचित करडा मिसळावा. चकाकणारा रंग सर्वथा वर्ज्य, मॅटच हवा.

क्रम असा ठेवावा. प्रथम करड्या प्रायमरचा एक हात. त्यावर कपारी, सांधे आणि चाकांच्या आतील भागात काळपट तपकिरी. मग स्प्रे गनने हिरव्याचे तीन-चार पातळ थर. एक जाड थर दिला, की वेल्डिंगच्या रेघा बुजल्याच. वरच्या, ऊन पडणाऱ्या भागांवर तोच हिरवा थोडा फिका करून. त्यानंतर रणगाड्याचे नाव आणि खुणा छायाचित्रावरून, त्यावर संरक्षक लॅकर. शेवटी पुष्कळ पातळ केलेला तपकिरी रंग खाचांमध्ये सोडावा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशाने कडा उजळाव्यात.

नवशिक्यांना गंज फार आवडतो. अवघा रणगाडा ते नारिंगी करून टाकतात. रोज चालणाऱ्या रणगाड्याच्या साखळपट्ट्याच्या कडा घासून पांढऱ्या पडलेल्या असतात. गंजाची आणि जळाल्याची छटा मागे, दोन्ही बाजूंच्या धुराड्यांवर दाखवावी. जेथे जवान चढत-उतरत, तेथे रंग झिजलेला दाखवावा. अशी झीज हा तेथे माणसे राहिल्याचा पुरावा असतो.

आणि माती! बसंतर ही रावीची उपनदी. तो प्रदेश नदीच्या गाळाचा. आपल्या दख्खनची काळी माती किंवा कोकणातला तांबडा तेथे चालणार नाही. फिकट, करडी, मातकट माती हवी. माती वस्त्रगाळ करून तव्यावर भाजून घ्यावी, म्हणजे पुढे बुरशी येत नाही. मग पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून चाकांवर आणि धडाच्या खालच्या भागावर लावावी. मघाशी म्हटलेला पोलादाचा भार येथेच दिसतो. साखळपट्टा जमिनीवर नुसता टेकलेला दिसला, तर रणगाडा पुठ्ठ्याचा वाटतो. पाया ओला असतानाच तो काही मिलिमीटर रुतवावा, मागे कड्यांचे ठसे उमटवावेत. ते पाहूनच त्या ५१ टनांची प्रेक्षकाला जाणीव होईल.

मोह आणि मर्यादा

आता थोडे कठोर बोलतो. प्रतिकृती पूर्ण होत आली, की सूचनांचा पाऊस पडतो. भोवती शत्रूचे वीस-पंचवीस रणगाडे जळताना दाखवा, तोफेच्या तोंडाला लाल दिवा लावा, हार घाला, झिरमिळ्या सोडा. हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. पण नोंदीप्रमाणे त्या अखेरच्या लढतीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले आणि त्यांपैकी चार खेतरपाल यांनी टिपले. चाराचे चौदा केल्याने त्यांचा पराक्रम वाढत नाही. उलट चौदा खोटे आहेत हे ज्याला कळेल, त्याला ते चारही खोटे वाटू लागतील. ज्या पाकिस्तानी अधिकाऱ्याशी ती अखेरची लढत झाली, त्या ख्वाजा मोहम्मद नासर यांनीच २००१ साली खेतरपाल यांच्या वडिलांना, ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल यांना, लाहोरमध्ये आपले अतिथी म्हणून ठेवून घेतले आणि त्यांच्या पुत्राच्या शौर्याची ग्वाही दिली. प्रतिपक्षाने ज्याची साक्ष दिली, त्याला आपल्या अतिशयोक्तीची काय गरज?

मर्यादेची दुसरी बाजूही आहे. सेंच्युरियनमध्ये चार माणसे असत : कमांडर, गनर, लोडर आणि चालक. परमवीरचक्र एकाला लाभले, पण त्या दिवशी रणगाडा चालविणारा, गोळा भरणारा आणि नेम धरणारा जवानही आतच होता. आपल्या फलकावर त्यांचाही उल्लेख हवा. नावे रेजिमेंटच्या नोंदीशी ताडून मगच लिहावीत. त्याच फलकावर लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांचे स्मरण असावे. १९६५ च्या युद्धात याच रेजिमेंटचे नेतृत्व करताना ते धारातीर्थी पडले आणि त्यांनाही परमवीरचक्र लाभले.

मांडणीविषयी एवढेच. टेबल फार ठेंगणे ठेवू नये. वरून पाहिले की रणगाडा खेळणे वाटतो. दहा वर्षांच्या मुलाची दृष्टी तोफेच्या पातळीवर आली, म्हणजे तो थबकतो. प्रकाश एका बाजूने द्यावा. दोरी लावावी, पण हात लावून पाहण्यासाठी एक जास्तीचे चाक आणि साखळपट्ट्याच्या चार कड्या बाहेर ठेवाव्यात. मुलांना डोळ्यांइतकेच बोटांनीही कळते.

बंधू-भगिनींनो, हे काम तीन-चार महिन्यांचे आहे. त्या काळात आपल्यापैकी प्रत्येकजण त्या रणगाड्याच्या प्रत्येक इंचावरून हात फिरविणार आहे. वरचे झाकण घडविताना ते किती अरुंद आहे, हे कळेल. पेटलेल्या रणगाड्यातून त्यातूनच बाहेर पडायचे असते, हेही कळेल. आणि ते झाकण उघडे असता, आदेश मिळालेला असता, एकवीस वर्षांचा एक तरुण आत बसून राहिला, हे मग कोणी भाषणात सांगावे लागणार नाही. प्रेक्षकाला ते कळेल की नाही, हे आपल्या कामाच्या सचोटीवर अवलंबून आहे. उद्या सकाळपासून सांगाड्याच्या आखणीला प्रारंभ करू. फूटपट्टी, गुण्या आणि टोक केलेली पेन्सिल प्रत्येकाने आणावी.