वृद्धाश्रमातील आप्तांची विचारपूस
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या आनंदात वृद्धाश्रमातील छळाविषयी बोलावे, हे काहींस अप्रशस्त वाटेल. तथापि आपल्यापैकी कित्येकांचे आई-वडील, आत्या, काका आज कोठल्या ना कोठल्या वृद्धाश्रमात वा शुश्रूषागृहात आहेत, हे आपण जाणतो. फक्त बोलत नाही. मुले परदेशी, घर दोन खोल्यांचे, मुलगा-सून दोघेही नोकरीस, ही कारणे खरी असतात. कोणास दोष देण्यासाठी मी उभा नाही. परंतु माणूस तेथे ठेवले तरी त्याच्याकडे डोळसपणे पाहण्याचे काम आपलेच राहते.

छळ म्हणजे मारहाण, असा आपला समज असतो. ओले अंथरूण तासन्‌तास तसेच ठेवणे, त्रास नको म्हणून गुंगीची गोळी देणे, पलंगास हात बांधणे, 'घरच्यांनी तुम्हांला टाकले' असे चारचौघांत हिणवणे, निवृत्तिवेतनाचे पैसे लांबवणे, हाही छळच होय. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार अशा संस्थांतील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, मागील वर्षात आपल्या हातून गैरवर्तन घडल्याचे स्वतःच सांगितले आहे. यावरून सारे सेवक दुष्ट ठरत नाहीत. जेथे रात्री अनेक आजाऱ्यांचा भार एकाच बाईवर पडतो, तेथे दयाळू माणसाचाही तोल जातो.

आपण भेटीस जातो, 'बरे आहे ना?' म्हणून विचारतो, 'बरे आहे' हे उत्तर ऐकतो आणि परततो. ही विचारपूस नव्हे. अंथरुणास खिळलेल्याचे माकडहाड, टाचा व कमरेच्या बाजू पाहाव्यात. तेथील लाली बोटाने दाबूनही फिकी होत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, परंतु ऊन वा कठीण झालेली जागा हातास लागते. उतारवयात, विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असता, हाताच्या पाठीवर काळेनिळे डाग सहज उमटतात. तेवढ्यावरून गहजब करू नये. मात्र दोन्ही दंडांवर बोटांचे वळ किंवा मनगटाभोवती बांधल्याची खूण दिसली, तर खुलासा मागितलाच पाहिजे. कोरडी जीभ, झपाट्याने घटलेले वजन, भर दिवसाची गुंगी यांचेही कारण विचारावे आणि औषधाची चिठ्ठी पाहावी. विस्मृती झालेली आजी वार चुकेल, नावे चुकेल. पण एखादी सेविका येताच ती अंग चोरून गप्प होत असेल, तर त्यास भ्रम म्हणून सोडू नये. आणि भेट नेहमी रविवारी अकरालाच कशास? कधी जेवणाच्या वेळी, कधी संध्याकाळी जावे.

संशय आल्यास एकांतात, घाई न करता विचारावे. खुणांची छायाचित्रे घ्यावीत, तारीख-वेळ टिपावी, बाहेरील डॉक्टरांचा लेखी अभिप्राय मिळवावा. मग व्यवस्थापकांस लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. 'तक्रार केलीत तर रात्री माझ्यावर राग काढतील' ही वृद्धांची भीती खोटी नसते. म्हणून तक्रारीनंतरच्या दिवसांत भेटी वाढवाव्यात. जिवास धोका दिसला, तर कागदपत्रांत वेळ न दवडता ११२ वर पोलिसांस बोलवावे व माणसास तेथून हलवावे. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची निःशुल्क राष्ट्रीय साहाय्यवाणी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५७ ठाऊक असावे. आजाराने वा अशक्तपणाने असहाय झालेल्या व्यक्तीच्या शुश्रूषेचा कायदेशीर करार करून जो ती जाणूनबुजून टाळतो, त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून प्रवेशाच्या वेळचा करार व पावत्या जपून ठेवाव्यात.

एवढे असूनही अनेकजण गप्प बसतात, ते लोकलज्जेने. तक्रार केली की आईला वृद्धाश्रमात ठेवल्याचे ज्ञातीत कळेल, ही धास्ती! ज्ञातीतील चार जिभांसाठी आईने वळ सोसावेत काय?

माझी एक सूचना आहे. ज्यांचे आप्त अशा संस्थेत आहेत व जे स्वतः दूर राहतात, त्यांनी वृद्धांची संमती घेऊन संस्थेचा पत्ता व भेटीचे लेखी अधिकारपत्र आपल्या कार्यवाहांकडे द्यावे. महिन्यातून दोनदा, न कळवता, भेटीस जाण्यासाठी मी माझे नाव आज नोंदवतो. आणखी पाच-सहा नावे मिळाली, तर येत्या महिन्यापासून आरंभ करता येईल.