आवाज पोचला पाहिजे

(तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन मुली आणि त्यांच्या आया यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या मावश्यांनो,

एन.सी.सी.मुळे मुलींचा आत्मविश्वास कसा वाढतो, त्यांच्यात नेतृत्व कसं येतं, यावर मला बोलायला सांगितलंय. बोलते. पण बैठक का बोलावली ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. यंदा अकरा मुलींनी नाव नोंदवलं, परेडला नेमानं आल्या, आणि दहा दिवसांच्या शिबिराचा कागद घरी गेल्यावर सातजणींच्या कागदावर सही झाली नाही. शिबिर केल्याशिवाय सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही. पुढचं सगळं त्या सहीपाशी अडलंय.

मी स्वतः २००७ साली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एन.सी.सी.त गेले. देशसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. परेड झाल्यावर नाश्ता मिळतो असं कळलं होतं, आणि सकाळी सहाला घराबाहेर पडायला एक रीतसर कारण मिळत होतं. पहिल्याच महिन्यात उस्तादांनी एकेकीला पथकासमोर उभं करून हुकूम द्यायला लावला. माझी पाळी आली. मी ‘सावधान’ म्हटलं आणि कोणी हललंच नाही. मुद्दाम नाही हो, माझा आवाज पुढच्या रांगेपलीकडे गेलाच नव्हता. दुसऱ्यांदा म्हटलं, तर किंचाळल्यासारखा निघाला आणि सगळ्या हसल्या.

त्या दिवशी घरी येताना लक्षात आलं, की अठरा वर्षं मी आवाज खाली ठेवण्याचंच शिक्षण घेतलं होतं. हळू बोल, ओसरीवर माणसं बसलीत. खिदळू नकोस. हाक मारायची तर जवळ जाऊन मार. आणि इथे एक माणूस सांगत होता की आवाज गळ्यातून नको, पोटातून काढ, मैदानाच्या टोकाला पोचला पाहिजे. हुकमाचे दोन भाग असतात. पहिला लांबवायचा, म्हणजे ऐकणारीला तयारीला वेळ मिळतो. दुसरा एकदम तोडायचा. चालत्या पथकाला ‘थम’ म्हणायचं ते ठरावीक पावलावरच, नाहीतर अर्ध्या थांबतात आणि अर्ध्या पुढच्यांच्या पाठीवर आदळतात. चूक माझी, आणि बूट लागायचा भलतीलाच. नेतृत्वाबद्दल पुढे एम.एस.डब्ल्यू.ला मी बरंच वाचलं, पण आपल्या चुकीचा भार दुसरीवर पडतो हे मला त्या मैदानात कळलं होतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ही जाहिरात होईल. दुसऱ्या वर्षी मी सार्जंट झाले. तीस मुली माझ्या शब्दावर वळायच्या. त्याच दिवाळीत घरी पाहुणे मला बघायला आले. पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर गेले. “पुढे शिकायचा विचार आहे का?” असं त्यांनीच विचारलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मैदानावरचा आवाज गणवेशाबरोबर ट्रंकेत राहिला होता. मुलीला एन.सी.सी.त घातली की ती आपोआप धीट होते असं जे सांगतात, त्यांना मी ही गोष्ट सांगते.

आमच्या चळवळीतल्या काही मैत्रिणींना गणवेश, बंदूक, हुकूम हे पटत नाही. तिथे ऐकायला शिकवतात, विचारायला नाही, असं त्या म्हणतात. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. पण शिस्त आणि प्रश्न एकत्र नांदू शकतात. राष्ट्र सेवा दल १९४१ साली उभं राहिलं, त्याच्या शाखांवर कवायत होती आणि चर्चाही होती, मुलगे-मुली एकत्र. मृणाल गोरे त्यातूनच पुढे आल्या, आणि १९७०च्या दशकात मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्या आघाडीवर होत्या.

एन.सी.सी.चा कायदा १९४८चा, मुलींचा विभाग १९४९ पासून. म्हणजे कवायत मुलींना लवकर मिळाली. अधिकार मिळायला फार वेळ लागला. सैन्यात बायकांना कायम कमिशन द्यावं की नाही यावर सर्वोच्च न्यायालयात वाद चालला, तेव्हा सरकारी बाजूनं म्हटलं होतं की जवान बहुतेक खेड्यांतले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. खेड्यातली म्हणून मला ते फार लागलं. फेब्रुवारी २०२०मध्ये न्यायालयानं तो मुद्दा फेटाळला. २०२२ साली खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला, आणि मे २०२५मध्ये पहिल्या सतराजणी तिथून बाहेर पडल्या. सगळ्यांनी सैन्यात जावं असं माझं म्हणणं नाही. भरतीत सर्टिफिकेटचा काय उपयोग होतो ते तुमच्या मॅडम सांगतील.

मावश्यांनो, तुमची काळजी खोटी नाही. शिबिरात पुरुष असतात, रात्रीचा मुक्काम असतो. म्हणून एक नियम सांगते, लिहून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांप्रमाणे, विद्यार्थिनी म्हणून मुलगी ज्या शिबिराला जाते ती जागासुद्धा कॉलेजच्या आवारातच धरली जाते. तिथे कोणी त्रास दिला तर कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. तीन महिन्यांच्या आत, लेखी. समितीवर कोण आहे हे निघण्याआधी विचारा. नावं सांगता आली नाहीत, तर मुलीला घरी ठेवण्याऐवजी प्राचार्यांच्या दारात बसू, मीही येते.

माझ्या दुसऱ्या शिबिराच्या वेळी वडिलांनी सही नाकारली. सही आईनं केली. तिला तीनच अक्षरं नीट येत होती, तेवढ्यावर भागलं. पण चौथ्या दिवशी ती एस.टी.नं शिबिरात हजर! माझ्याशी बोललीही नाही आधी. मुलींचं न्हाणीघर कुठे ते विचारलं, आत जाऊन कडी लावून बघितली, एक कडी सैल होती ती बाईंना दाखवली, आणि मग माझ्याकडे आली. संध्याकाळी तिनं मला परेड घेताना पाहिलं. त्यानंतर पाहुण्यांचा पुन्हा निरोप आला तेव्हा तिनंच सांगितलं, हिची परीक्षा आहे, आत्ता काही नाही. त्या दिवशी मीही पहिल्यांदा वडिलांसमोर बोलले. आवाज कापत होता, पण ओसरीपर्यंत गेला.

कागद या टेबलावर आहेत. या शिबिरालाही आयांना एक दिवस येऊन बघता यावं असं मी मॅडमना सांगितलंय, त्या विचारून कळवतील. आता माझं पुरे. तुम्ही विचारा, न्हाणीघराच्या कडीपासून सुरुवात केलीत तरी चालेल.