चार रात्री, एकच मुक्काम : दार्जिलिंग

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सहलीचं ठिकाण ठरवण्यासाठी सोसायटीच्या गच्चीवर सभासदांची सभा झाली. त्या सभेतील भाषण.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी दार्जिलिंगला तीनदा जाऊन आलो, एवढीच माझी पात्रता. हातात यादी आहे, त्यामुळे पंधरा मिनिटांत आटपेन.

सहलीसाठी चौतीस नावं आली आहेत. त्यातली अकरा साठीच्या पुढची आहेत आणि पाच मुलं दहा वर्षांच्या आतली. नोटीस बोर्डावर जो पहिला आराखडा लागला, तो तुम्ही वाचलाच असेल : पाच दिवसांत गंगटोक, नथुला, दार्जिलिंग आणि कालिम्पाँग. तरुण मंडळींनी मेहनतीने केलाय, त्यांचं कौतुकच आहे. पण तो बोर्डावर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी बी विंगमधले आपले काका मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या, फोटो दाखवा." त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आपल्याला माहीत आहे. सोसायटीत राहायला आलो तेव्हा पाण्याची लाइन नव्हती. टँकर आला की वही घेऊन खाली उभे राहायचे आणि प्रत्येक घराला मोजून पाणी द्यायचे, ते हेच काका. पंचवीस वर्षांची सहल काढायची आणि त्यांनी घरी बसून फोटो बघायचे, हे मला पटत नाही. म्हणून आज उभा राहिलो.

आधी उंचीचं बघू. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आत आहे. महाराष्ट्रात सगळ्यात उंच ते कळसूबाईचं शिखर, ५,४०० फूट. दार्जिलिंग साधारण ६,७०० फुटांवर आहे. इथे थंडी वाजते, जिना चढताना जरा दम लागतो, पण बहुतेकांना विरळ हवेचा त्रास होत नाही. नथुला मात्र १४,००० फुटांच्या वर आहे, आणि वाटेतला त्सोमगो तलावही १२,००० च्या वर. तिथे एका सकाळीत गाडीने चढायचं, तेही हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शिवाय नथुलाला परवाना लागतो आणि सोमवार-मंगळवार तो रस्ता पर्यटकांना बंद असतो. गंगटोक सुंदर आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण दार्जिलिंगहून ते शंभरेक किलोमीटर, म्हणजे डोंगरातले चार तास. बॅगा बांधा, उतरवा, पुन्हा खोल्यांची वाटणी करा. चौतीस माणसांचा यात अर्धा दिवस सहज जातो.

म्हणून माझी सूचना अशी : चार रात्री, एकच हॉटेल, आणि तिथून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत.

डोंगरातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. बागडोगरा विमानतळ ते दार्जिलिंग जेमतेम सत्तर किलोमीटर, पण तीन-साडेतीन तास धरा. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही. दार्जिलिंग देशाच्या पूर्वेला आहे, घड्याळ मात्र आपलंच. नोव्हेंबरात तिथे पावणेपाचला सूर्य मावळतो, म्हणजे मुंबईच्या सव्वा तास आधी. साडेपाचला चक्क रात्र. त्यामुळे बागडोगऱ्याला दुपारी बाराच्या आत उतरणारं विमान घ्यायचं, आणि रोजची सहल चारपर्यंत परत आणायची. घाटात, अंधारात, धुक्यात गाडी नको.

पहिला दिवस पोचण्यात जाईल. संध्याकाळी चौरस्त्यावर बसायचं, बस्स. तिथे गाड्या येत नाहीत, बाकडी आहेत, मुलं मोकळी पळतात.

दुसरा दिवस शहरात. सकाळी छोटी रेल्वे. दार्जिलिंगची ही गाडी १८८१ सालची, आणि १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. रूळ आपल्या माथेरानच्या गाडीसारखेच, दोन फुटांचे. न्यू जलपाईगुडीपासून अख्खा ८८ किलोमीटरचा प्रवास करायला दिवस जातो. त्यापेक्षा दार्जिलिंग ते घूम आणि परत, अशी दोन तासांची फेरी आपल्याला पुरे. घूम स्टेशन ७,४०७ फुटांवर आहे. वाटेत बतासियाला गाडी गोल वळसा घेते, तिथे उतरून फोटो काढता येतात. दुपारी प्राणिसंग्रहालय आणि त्याच आवारातली हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट. ही संस्था १९५४ ची. एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचलेल्या दोघांपैकी तेनसिंग नोर्गे इथे शिकवायचे, त्यांची समाधीही इथेच आहे. मुलांना लाल पांडा आणि हिमबिबट्या बघायला मिळेल. आत चढ बराच आहे, गुडघेवाल्यांनी सावकाश चालावं. आणि गुरुवारी हे बंद असतं, तारखा ठरवताना तेवढं बघा.

तिसरा दिवस कालिम्पाँग. जेमतेम पन्नास किलोमीटर, पण रस्ता आधी खाली तीस्ता नदीपर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढतो, म्हणून एका बाजूला अडीच तास. वाटेत एका कठड्यावरून तीस्ता आणि रंगीत नद्यांचा संगम दिसतो. दोन पाण्यांचे रंग वेगळे कळतात. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढची सीट, हा नियम आत्ताच करून टाकू. ज्यांना पाच तास बसणं झेपणार नाही त्यांनी यायचं नाही. चौरस्त्याच्या मागच्या टेकडीला वळसा घालणारा रस्ता आहे, फारसा चढ नसलेला, तो फिरावा. त्यांच्यासोबत आपल्यातलं एक तरुण जोडपं थांबेल. दोन जोडपी आत्ताच तयार झाली आहेत.

चौथा दिवस रिकामा ठेवायचा. यावर सगळ्यात जास्त वाद होणार हे मला माहीत आहे. पैसे भरून रिकामा दिवस कशाला? तर कांचनजंगासाठी. ८,५८६ मीटर उंचीचं, जगातलं तिसरं शिखर, आणि नोव्हेंबरात ते दिसण्याची शक्यता चांगली असते. पण ढग आला की आला. एकच पहाट टायगर हिलसाठी ठरवून ठेवली आणि त्याच पहाटे धुकं असलं, तर साडेतीनला उठलेली चौतीस माणसं हिरमुसून परत येतात. हाताशी तीन पहाटा असल्या तर आदल्या रात्री आकाश बघून ठरवता येतं. आणि टायगर हिलला गेलंच पाहिजे असं नाही. हवा स्वच्छ असेल तर तेच शिखर चौरस्त्याजवळून, शाल पांघरून, चहाचा कप हातात धरून दिसतं. काकांनाही.

उरलेल्या वेळात बाजार. दार्जिलिंग चहा हा भौगोलिक मानांकन मिळालेला देशातला पहिला पदार्थ. मार्च-एप्रिलच्या तोडणीचा चहा फिकट आणि सुगंधी, मे-जूनचा जरा गडद. घेताना कुठल्या तोडणीचा ते विचारा, आणि घरी आल्यावर दूध-साखर-आलं घालून उकळू नका, नाहीतर पैसे वाया.

पाचव्या दिवशी उतरताना मिरीकवरून उतरू. वाटेत चहाचे मळे, नेपाळच्या सीमेवरचा बाजार, तळ्याकाठी जेवण, आणि तिथून विमानतळ दोनेक तास. त्यासाठी परतीचं विमान संध्याकाळचं हवं. पावसात तिथले रस्ते खचतात, म्हणून आदल्या दिवशी ड्रायव्हरकडून चौकशी करायची. मिरीकचा रस्ता बंद असेल तर आल्या वाटेने परत.

आता कमिटीने करायची कामं. हॉटेलला फोन करून तीन प्रश्न विचारा : गाडी दारापर्यंत येते का, आत पायऱ्या किती, आणि रूम हीटरचे पैसे वेगळे का? तिथे मोठी बस उपयोगाची नाही. सहा जणांना एक जीप धरली तर सहा जीप लागतील. ज्यांना रेल्वेने यायचंय त्यांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. औषधं दोन दिवसांची जास्तीची, आणि ती हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. साठीच्या पुढच्या प्रत्येकाने निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटून यावं. प्रत्येक जीपमध्ये एकाकडे त्या गाडीतल्या सगळ्यांचे फोन नंबर आणि औषधांची यादी असावी.

ज्यांना नथुलाच बघायचंय, त्यांनी पाचव्या दिवसानंतर तिथूनच पुढे गंगटोकला जावं. त्याला कोणाची आडकाठी नाही. पण सोसायटीच्या नावाने जी सहल निघेल ती पहिल्या मजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना झेपेल अशी असावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

मतदानाच्या चिठ्ठ्या आता फिरतील. काकांना मी विचारलंय. ते म्हणाले, डॉक्टर हो म्हणाले तर येईन, आणि जीपची यादी मीच करीन. वही त्यांच्याकडे अजून आहे.