नोकरीच्या स्थळाची चौकशी

माळव्यातल्या आपल्या मराठी घरांत मुलीला स्थळ सांगून आलं की उज्जैनहून फोन सुटतात ते थेट ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्यापर्यंत. मुलाची मिळकत, घरदार, सासूचा स्वभावसुद्धा विचारला जातो. आणि ही चौकशी आपण स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाकडे करत नाही, तिऱ्हाइताकडे करतो. मग मुलाला नोकरीचं पत्र आलं की हीच माणसं त्याच पत्रावर छापलेला नंबर का लावतात? पलीकडून "हो हो, निवड झाली आहे" असंच उत्तर येणार ना!

उज्जैनच्या फ्रीगंजात एका घरी असं पत्र मी हातात घेऊन पाहिलं. रेल्वेचं बोधचिन्ह, गोल जांभळा शिक्का, खाली झोकदार सही. 'प्रशिक्षण शुल्क' तीन दिवसांत भरा म्हणे, आणि खातं कुणा एका माणसाच्या नावचं, साधं बचत खातं. वडील म्हणाले, "अहो, शिक्का आहे ना!" शिक्के तर कुणीही बनवून देतं. रतलामला रेल्वेचं मंडळ कार्यालय आहे, उज्जैनहून गाडीने सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. जा, पत्र दाखवा, विचारा.

असंच रेल्वेच्या नोकरीचं आमिष दाखवून 2022 साली तमिळनाडूतल्या 28 तरुणांना नवी दिल्ली स्टेशनावर महिनाभर, रोज आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवलं होतं. हेच तुमचं प्रशिक्षण, असं सांगून. प्रत्येकाकडून दोन लाखांपासून चोवीस लाखांपर्यंत घेतले, एकूण पावणेतीन कोटींच्या आसपास. शिकलेली मुलं ही. आणि खरी रेल्वे चारही बाजूंनी धडधडत होती हो! स्टेशनमास्तरांच्या खोलीत जाऊन एक प्रश्न विचारायचा होता.

कुणी म्हणेल, रेल्वेच्या परीक्षेलाही फी असतेच. असते. पण ती जाहिरात निघाल्यावर, अर्जासोबत, भरती मंडळाकडे भरायची. 500 रुपयांतले 400 परीक्षेला बसलात की परतही मिळतात. निवड झाली सांगून पैसे मागणारा रेल्वेचा नव्हे.

मुलगी न पाहताच पसंत, मुहूर्त परवाचा, आणि वर "इतक्यात कुणाला सांगू नका". असं स्थळ आपल्या आजीने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. मग मुलाखतीशिवाय नोकरी, उद्याच पैसे आणि "कुठे बोलू नका, जागा जाईल" हे आपल्याला कसं चालतं?

उज्जैनचा 2028चा सिंहस्थ जवळ येतो आहे. जवळच्या विक्रम उद्योगपुरीत कारखाने येत आहेत. माणसं लागणार, आणि "साहेब माझ्या ओळखीचे आहेत" म्हणणारेही दारात येणार. त्यांच्यासमोर बसून त्यांनी दिलेल्या नंबरावर खात्री करू नका. पुन्हा सांगते, नंबर तुम्ही स्वतः शोधा, नाहीतर कार्यालयात जा.

घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा, हेही तसंच. आधी शेदोनशे खात्यात येतात, मग 'मोठ्या कामासाठी' तुमच्याकडून हजारो भरून घेतात. पैसे गेले असतील तर मुलावर ओरडण्यात वेळ घालवू नका, आधी 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. लवकर कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येऊ शकते.

आखाताच्या नोकऱ्यांचं राहिलंच. तिथे दलालाचा सरकारी परवाना आधी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा, आणि सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे, त्यावर मागितलं तर सावध व्हा.