बोटीवरचा वायरलेस आणि घरची वही



आम्ही कोकणातल्या एका बंदरावरच्या बचत गटातल्या बायका. आमच्यातल्या काही जणी मासळी विकतात, काही सुकवतात. चौघींच्या घरच्या बोटी आहेत, आणि बाकीच्यांचे नवरे, मुलगे, भाऊ त्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. आज आम्ही बोलणार आहोत बोटीवरच्या वायरलेसबद्दल, म्हणजे व्हीएचएफ सेटबद्दल. तुम्ही म्हणाल, हा तर तांडेलाचा विषय, यात बायकांचं काय काम? आम्हीही तसंच म्हणायचो. सेट घ्यायला गटातून कर्ज दिलं, हप्ते वसूल केले, आणि आपलं काम संपलं असं समजलो.

मग एक रात्र आली. दिवाळी होऊन गेली होती. आमच्या गटातल्या एका काकींची बोट संध्याकाळी बंद पडली. वारा वाढला होता. जाळं ओढताना तांडेलाचा हात दोरात सापडला, तो केबिनमध्ये पडून होता. बोटीवर काकींचा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि तीन खलाशी. मोबाइलला रेंज नाही. भिंतीवर आमच्या कर्जातून घेतलेला सेट होता. मुलाने तांडेलाला बोलताना पाहिलं होतं, तसं बटण दाबून तो रात्रभर हाका मारत राहिला. कोणीच उत्तर दिलं नाही. इकडे घरी आम्ही फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. सोसायटीच्या कचेरीला कुलूप. कोणाला कळवायचं, काय सांगायचं, काही माहीत नाही. सकाळी एका बोटीने हलवलेलं फडकं पाहिलं आणि ओढून आणलं. सगळे जिवंत आले. तांडेलाची दोन बोटं मात्र गेली. वेळेत आणलं असतं तर कदाचित वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर कळलं, त्या रात्री आपल्याच बंदराच्या चार बोटी तीन-चार मैलांवर होत्या. मदत जवळ होती, हाक पोचली नाही. ही गोष्ट आम्हाला फार लागली.

मेकॅनिकने सेट तपासला तेव्हा तीन दोष निघाले. अँटेनाच्या केबलचा जोड खाऱ्या हवेने हिरवा पडला होता, त्यामुळे आवाज बाहेर जातच नव्हता. खरखर बंद करायचं बटण पार घट्ट फिरवलेलं होतं, म्हणजे कोणी उत्तर दिलं असतं तरी ऐकू आलं नसतं. आणि सेट मित्रमंडळी गप्पा मारतात त्या चॅनेलवर होता, सोळा नंबरवर नव्हताच. सेट चांगला होता. त्याची काळजी कोणी घेतली नव्हती, आणि तांडेलाशिवाय तो कोणाला येत नव्हता.

आता जे शिकलो ते सांगतो.

आधी मोबाइल आणि वायरलेस यातला फरक. मोबाइलला किनाऱ्यावरचा टॉवर लागतो. थोडं आत गेलं की रेंज जाते. वायरलेसला टॉवर लागत नाही, एका सेटवरून दुसऱ्या सेटवर सरळ बोलता येतं. मोबाइलवर बोललेलं एकाच्याच कानात जातं. वायरलेसवर बोललेलं आसपासच्या सगळ्या बोटींना ऐकू येतं, मग त्या ओळखीच्या असोत की नसोत. संकटात जो सगळ्यात जवळ आहे तोच आधी पोचतो, आणि तो कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून ही हाक सगळ्यांच्या कानावर पडायला हवी. परदेशात ट्रकवाले गाडीत सीबी नावाचा रेडिओ बसवतात, त्याचंही तत्त्व हेच. पण सीबी वेगळ्या लहरींवर चालतो, तो समुद्रात उपयोगाचा नाही. बोटीवर सागरी व्हीएचएफच हवा.

आता बसवण्याबद्दल. व्हीएचएफचा आवाज साधारण नजरेच्या रेषेत जातो. समुद्र सपाट दिसला तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे लांबची बोट क्षितिजाखाली जाते, मग आवाजही तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून अँटेना जितकी उंच, तितकी हाक लांब. ती सरळ उभी हवी, लोखंडी दांड्याला आणि दुसऱ्या अँटेनाला चिकटून नको. बोटीवरून बोटीवर साधारण पाच ते दहा सागरी मैल धरावेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. किनाऱ्यावरच्या उंच अँटेनाशी याहून लांबून बोलता येतं. हातातल्या लहान सेटची पोच खूप कमी, पण तो जवळ असलेला बरा, कारण बोटीत पाणी शिरलं की भिंतीवरचा सेट आधी बंद पडतो.

केबलला तीव्र वळण देऊ नका. बाहेरचा प्रत्येक जोड पाणी न शिरणाऱ्या टेपने गुंडाळा आणि हंगामात दोनदा उघडून बघा. हिरवं दिसलं तर पुसत बसू नका, जोड बदला. अँटेना जोडलेली नसताना बोलायचं बटण कधी दाबू नका, सेट जळतो.

बहुतेक सेट बारा व्होल्टचे असतात. बोटीची वीज चोवीस व्होल्टची असेल तर मेकॅनिकला आधी सांगा. वायर जाड घ्या, ती थेट बॅटरीपासून आणा, आणि बॅटरीच्या जवळ फ्यूज बसवा. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळायची सवय आमच्याकडेही होती. ती आग लावणारी सवय आहे. दिवे, गाणी, मोबाइल चार्जिंग, सगळं एकाच बॅटरीवर चालवलं तर रात्री सेटला जोर उरत नाही. सेटसाठी वेगळी बॅटरी परवडत असेल तर ठेवा, आणि ती तळाशी नको, उंचावर ठेवा. होकायंत्राच्या शेजारी सेट लावू नका. सेटच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, सुई फिरते.

आता वापरायचं कसं. सेट चालू करा, आवाज वाढवा. खरखर बंद करायच्या बटणाला स्क्वेल्च म्हणतात. ते खरखर येईपर्यंत सैल करा, मग खरखर जेमतेम थांबेल इतकंच फिरवा, त्याहून पुढे नाही. सेट सोळा नंबरवर ठेवा. सोळा हा जगभर संकटासाठी आणि हाक मारण्यासाठी ठरलेला चॅनेल आहे. तिथे गप्पा नाहीत, मासळीचे भाव नाहीत. कोणाला बोलवायचं असेल तर सोळावर हाक मारा आणि लगेच दुसऱ्या चॅनेलवर जा. सेटवर ताकदीचं बटण असतं, एक वॅट आणि पंचवीस वॅट. जवळ बोलायला एक पुरे, संकटात पंचवीस.

बटण दाबल्यावर क्षणभर थांबा, मग बोला. माइक तोंडापासून चार बोटं लांब. ओरडू नका, ओरडलं की शब्द फाटतात. बोलून झालं की "ओव्हर" म्हणा आणि बटण सोडा. बटण दाबलेलं असताना आपल्याला काही ऐकू येत नाही. माइक गादीखाली दाबला गेला तर त्या चॅनेलवर कोणालाच बोलता येत नाही. म्हणून माइक नेहमी खुंटीला.

जीव धोक्यात असेल तेव्हाचा शब्द आहे "मेडे". मूळ फ्रेंच, अर्थ "मला मदत करा". तो सगळीकडे एकच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून जास्त बोटी आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या, नऊशेहून जास्त मच्छीमार. आपल्या पाण्यात अशी परक्या भाषेची माणसंही असतात. त्यांनाही हा शब्द कळतो.

बोलायचं ते असं, याच क्रमाने:

"मेडे, मेडे, मेडे." मग बोटीचं नाव तीनदा आणि नोंदणी नंबर. पुन्हा एकदा "मेडे" आणि नाव. मग आपण कुठे आहोत: "उत्तर एक सहा अंश, पाच नऊ मिनिटं, पूर्व सात दोन अंश, पाच शून्य मिनिटं." मग काय झालं: "इंजिन बंद, आत पाणी येतंय." कसली मदत हवी. बोटीवर किती माणसं, कोणी जखमी आहे का. शेवटी "ओव्हर". मग बटण सोडा आणि ऐका. उत्तर नाही आलं तर पुन्हा सांगा.

आकडे एकेक करून सांगायचे. वाऱ्यात "एकोणपन्नास" आणि "एकोणसाठ" सारखेच ऐकू येतात, आणि दहा मिनिटांची चूक म्हणजे काही मैलांची चूक. जीपीएस बंद असेल तर ओळखीच्या ठिकाणापासून दिशा आणि अंतर सांगा, किती वाव पाणी आहे तेही सांगा.

बोट लगेच बुडत नाही, पण मदत हवी, माणूस आजारी आहे, अशा वेळी "मेडे" ऐवजी "पॅन-पॅन" तीनदा म्हणतात. खोटी हाक मारणं हा गुन्हा आहे. कोणीतरी आपला जीव धोक्यात घालून निघतो.

काही सेटवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की संकटाचा संदेश आपोआप जातो. पण त्यासाठी सेटमध्ये बोटीचा नऊ आकडी नंबर भरलेला हवा आणि जीपीएस जोडलेला हवा. भारतीय बोटींचा हा नंबर ४१९ ने सुरू होतो. तुमच्या सेटमध्ये तो भरलाय का, हे आजच विचारा.

दुसऱ्याची हाक ऐकू आली तर आपण मध्ये बोलायचं नाही. जे ऐकू येतंय ते लिहून घ्यायचं. किनाऱ्याकडून कोणी उत्तर देत नसेल, तर "मेडे रिले" तीनदा म्हणून तीच माहिती आपण पुढे पोचवायची, आणि जमेल तर तिकडे निघायचं.

हे सगळं आम्ही बंदीच्या काळात शिकलो. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला असतात. मेकॅनिकला बोलावलं, बोटीवर बसलो, सेट बंद ठेवून प्रत्येक खलाशाकडून पूर्ण मेडे म्हणून घेतला. मग आम्हीही म्हटला. पहिल्यांदा हसू आलं. काकींचा मुलगा म्हणाला तेव्हा कोणी हसलं नाही.

तो मजकूर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सेटशेजारी लावला. बोटीचं नाव, नंबर वरच लिहिलेला, घाबरलेल्या माणसाला आठवावा लागू नये. आमच्या बोटींवर नेपाळी खलाशीही आहेत. त्यांची लिपीही देवनागरी, त्यामुळे एकाच पुठ्ठ्यात काम झालं.

एक लक्षात ठेवा, बोटीवरच्या सेटला वायरलेसचा परवाना लागतो. मच्छीमार सोसायटीत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारा. घरी सेट लावून बोलण्याचा मोह आम्हालाही झाला होता, पण परवानगीशिवाय तसं करता येत नाही. म्हणून आम्ही घरी वही ठेवली.

वहीत प्रत्येक बोटीचं एक पान. बोटीचं नाव, नोंदणी नंबर, रंग, सेटचा नऊ आकडी नंबर. बोट निघते तेव्हा वार, वेळ, कोणत्या बाजूला, किती माणसं, त्यांची नावं, किती दिवसांचं डिझेल, परत कधी. मुखपृष्ठावर एकच नंबर मोठ्याने लिहिलाय: १५५४. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा हा नंबर आहे. बोट वेळेवर आली नाही तर वही उघडायची, फोन लावायचा आणि वाचून दाखवायचं. रडत रडत "आमची बोट आली नाही" एवढंच सांगितलं तर शोधणाऱ्याने कुठे जायचं?

वही आमच्या गटात पाळीपाळीने फिरते. मागच्या महिन्यात एक बोट चार तास उशिरा आली. जिची पाळी होती तिने फोन लावला, सगळं वाचून दाखवलं. इतक्यात बोट दिसली, तर तिने पुन्हा फोन करून तेही कळवलं. बोटीवरचे पुरुष जरा रागावले, उगाच फोन कशाला म्हणाले. काकी त्यांना म्हणाल्या, "उगाच झाला तेच बरं."

मैत्रिणींनो, तुमच्या घरची बोट असेल तर या आठवड्यात तीन प्रश्न विचारा. सेट सोळावर असतो का? अँटेनाचा जोड शेवटचा कधी पाहिला? आणि तांडेल पडला तर मेडे कोण म्हणणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर गटाची पुढची सभा बोटीवरच घ्या.